यंदाचा शब्द

पोर्ट लवर्नमध्ये दर वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी ओडील गिड्री मरायची. सकाळी मरायची आणि जेवणाच्या वेळेला उठून जांबालायाची, म्हणजे तिकडच्या मसालेभाताची, थाळी घ्यायला रांगेत उभी राहायची.

गावाच्या अंगावरच क्लोरीनचा कारखाना होता. त्यामुळे वायू सुटला तर कोणी काय करायचं ते ठरवायला एक समिती होती, आणि ती समिती वर्षातून एकदा सगळ्या गावाला जमवून सराव करायची. वायू सुटला असं मानायचं, भोंगा वाजवायचा, लोकांनी माना टाकायच्या, बंबवाल्यांनी त्यांना उचलायचं. पडणाऱ्यांच्या मनगटाला रंगीत पट्ट्या. हिरवी म्हणजे चालता येतंय, पिवळी म्हणजे थांबू शकतो, लाल म्हणजे आधी उचला, काळी म्हणजे मेला, त्याला तिथेच राहू द्या.

ओडीलला कायम काळी. कारण उघड होतं आणि ते लपवायचं सौजन्यही कोणी दाखवत नव्हतं. बाई अंगाने दांडगी. समितीचा अध्यक्ष ट्रुएट लँगली पूर्वी अग्निशमन दलाचा चीफ होता, सगळे अजून त्याला चीफच म्हणायचे. त्याने पहिल्याच वर्षी भर सभेत सांगून टाकलं होतं, "ओडीलला लाल दिली तर माझ्या चार पोरांच्या कंबरा जातील आणि त्यांनाच लाल पट्ट्या बांधाव्या लागतील." सभा खो खो हसली. ओडीलही हसली. न हसून करते काय? तिला समितीकडून एक गोष्ट हवी होती.

ती गोष्ट म्हणजे फाटक.

ओडील राहायची हेरन लेनमध्ये, रेल्वेच्या रुळांपलीकडे. लेनमधून बाहेर पडायला एकच वाट, रुळांवरचं क्रॉसिंग. आणि त्या क्रॉसिंगवर कारखान्याच्या टाक्यांची मालगाडी म्हशीसारखी फतकल मारून बसायची. लेनच्या दुसऱ्या टोकाला कारखान्याचा मागचा रस्ता होता, तो थेट हायवेला मिळायचा. पण मध्ये उंच जाळीचं फाटक, त्याला साखळी, साखळीला कुलूप. किल्ली कारखान्याकडे. ओडीलचं म्हणणं एवढंच होतं की त्याची एक किल्ली लेनमध्ये कोणाकडे तरी द्या. वायू सुटला आणि गाडी उभी असली, तर आम्ही काय उडून जायचं?

तिला घाई होती ती नवऱ्यापायी. फर्डीने त्याच कारखान्यात पाइप जोडण्यात जन्म काढला होता आणि बदल्यात फुप्फुसं देऊन आला होता. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी. साधा वेल्डिंगचा धूर आला तरी तो निळा पडायचा. क्लोरीन म्हणजे तर संपलंच.

समितीच्या प्रत्येक बैठकीत ओडील हात वर करायची. "चीफ, ते फाटक." चीफ म्हणायचा, "नोंद घेतली." पुढच्या बैठकीला पुन्हा तेच. कारखाना बैठकीला सँडविचं पुरवायचा, त्यामुळे कारखान्याला झोंबेल असं काही बोललं की सगळ्यांचे चेहरे सँडविचात बुडायचे. पुढे पुढे तर तिने हात वर करायच्या आधीच कोणीतरी मागून ओरडायचं, "फाटक आलं रे!" गावात तिचं नावच पडलं, फाटकवाली.

यंदा सरावाच्या आधी चीफने तिला बाजूला घेतलं. "ओडीलबाई, सौदा करू या. तू यंदाही मर, गुपचूप, तक्रार न करता. लेनमधली पत्रकं तूच वाट, तुझं ऐकतात तिथे. आणि सराव संपेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही. एकदासुद्धा नाही. माझे कान किटलेत. एवढं केलंस तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तुझा."

"पहिला? नोंद घेतली नाही, विषय?"

"विषय. मतदान. आईची शप्पथ."

ओडील घरी गेली ती हवेतच. फर्डी म्हणाला, "चीफला आई होती ही बातमी आहे." पण त्यालाही बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. त्या दिवसापासून घरातसुद्धा तो शब्द बंद. दोघं त्याला 'ते आपलं' म्हणू लागली. फर्डी मुद्दाम काड्या करायचा. "काय गं, जाळीचं असतं, साखळी असते, काय म्हणतात त्याला?" ती ओठ मिटून डोळे वटारायची आणि तो खोकत खोकत हसायचा. पुष्कळ दिवसांनी घरात हसणं झालं होतं, हे मात्र खरं.

पत्रकं तिने दारोदार जाऊन वाटली. नुसती वाटली नाहीत, समजावून सांगितली. "शनिवारी भोंगा वाजेल, लांबलचक वाजेल. घाबरायचं नाही. खिडक्या बंद करायची, टेप लावायची काही गरज नाही. खोटा आहे तो." पर्ल नावाची शेजारीण जरा भित्री होती, तिला तर दोनदा सांगितलं. आणि शनिवारी सकाळी निघताना फर्डीच्या कपाळावर ओठ टेकून त्यालाही सांगितलं, "भोंग्याने उठू नकोस हं. पंखा खिडकीत लावलाय, मस्त वारा घे, मॅच ऐक. मी तुझी थाळी घेऊन येते."

"मेल्यावर दोन थाळ्या देतात?" फर्डी म्हणाला.

बंद पडलेल्या शाळेच्या भोजनगृहात सगळे जमले होते. एका नर्सने ओडीलच्या तोंडाला राखाडी पावडर फासली, कपाळावर साखरपाकाचं लाल रक्त ओतलं आणि मनगटाला काळी पट्टी बांधली. पट्टीवर 'सराव' असा शिक्का होता. मग चीफ टेबलावर चढला.

"मेलेल्यांनी जाऊन पडायचं! सूचना बोलणाऱ्यांसाठी आहेत. प्रेतांना कसल्या सूचना?"

दोन-तीन मेलेले उठले. ओडील सगळ्यात मागे. दारात ती थांबली, कारण चीफ म्हणत होता की आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. पण कारखान्याची मार्लीन, जी हातात पाटी घेऊन सरावाचे गुण द्यायला उभी होती, तिने पाठीवर हात ठेवून तिला बाहेर ढकललं. "चल गं बाई, तुला पोचायलाच वेळ लागतो."

मैदानाच्या टोकाला, रुळांजवळच्या चरात तिची जागा होती. ती तिथे जाऊन आडवी झाली. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात भोजनगृहातून हसण्याचा असा काही गडगडाट झाला की खिडक्या हादरल्या. काहीजण टेबलं बडवत होते. कशाला हसले असतील मेले, असं तिच्या मनात आलं. मग तिने विचार सोडून दिला. पुढच्या बैठकीत काय बोलायचं ते जुळवायला लागली.

भोंगा वाजला. मैदानात धावपळ सुरू झाली. "मेलो! खरंच मरतोय मी! वाचवा!" लोक जीव तोडून ओरडत होते. चांगलं ओरडेल त्याची पाठ थोपटली जायची आणि सगळ्यांना ती थाप हवी होती. काल्डर या शेजारच्या गावातल्या रुग्णवाहिकाही दर वर्षीप्रमाणे बोलावलेल्या होत्या, त्या हायवेवर वाट बघत उभ्या होत्या.

ओडीलला वास आला तो फरशी धुवायच्या औषधाचा. तिला आधी कौतुकच वाटलं. यंदा वाससुद्धा सोडलाय, बरा खर्च केलाय कारखान्याने! मग डोळ्यांत कोणीतरी तिखट कोंबावं तसं झालं. चरातलं गवत तिच्या नाकासमोर होतं आणि त्या गवतावरून पिवळट हिरवं काहीतरी सरपटत येत होतं, जमिनीला चिकटून, उतार शोधत. तिने श्वास घेतला आणि छातीत आग पेटली.

ती ताडकन उठून बसली. गुपचूप मरायचा सौदा कुठल्या कुठे गेला. रुळांपलीकडे बाजूच्या फाट्यावर उभ्या असलेल्या एका टाकीखालून फुसफुस चालली होती, आणि वारा त्या बाजूने हेरन लेनकडे वाहत होता. ती खोकत, धडपडत मार्लीनकडे धावली.

"खरा वायू आहे! सुटलाय! बंद करा हे सगळं!"

"प्रेत चाललं बघा," मार्लीन म्हणाली. "ओडील, तुझं काम पडायचं आहे. गुण कापीन हं गावाचे."

"अगं खरंच सांगते!"

"सगळेच खरंच सांगतायत." मार्लीनने मैदानाकडे हात केला. तिथे बायापोरं लोळत 'खरंच, खरंच' करून किंचाळत होती. "शब्द सांग. शब्द सांगितलास तर थांबवते."

"कसला शब्द?"

"यंदाचा शब्द! ज्याला खरोखर काही झालं असेल त्याने तो ओरडायचा. मघाशी चीफने सगळ्यांना सांगितला. काल्डरवाल्यांनासुद्धा सांगितलाय."

"मी बाहेर होते. मला तूच बाहेर काढलंस!"

"मग तुला लागतोच कशाला? मेलेल्यांना शब्द नसतो." आणि मार्लीनला हसू आलं. कशाचं, ते ओडीलला कळेना. "आणि तुला माहीत नाही म्हणजे कमालच आहे बाई. तुला!"

ओडीलने तिचा नाद सोडला. फर्डी खिडकीत पंखा लावून बसला होता. पंखा बाहेरची हवा आत ओढत होता, आणि तो तिनेच लावला होता.

क्रॉसिंगवर गाडी उभी होती. असणारच. दोन टाक्यांच्या मधल्या जोडाखालून पोटावर सरपटत ती पलीकडे गेली, ब्लाउज फाटला, गुडघे सोलले. ज्या अंगाला उचलायला चार माणसं नको म्हणत होती, तेच अंग घेऊन ती लेनमधून पळत सुटली. मागे मैदानात आता वेगळा आरडाओरडा सुरू झाला होता. त्यात पाठ थोपटून घ्यायची हौस उरली नव्हती.

"खिडक्या लावा! खरा आहे! खरा आहे!" ती ओरडत होती. पर्ल दारात उभी होती, तोंडाला टॉवेल. "तूच म्हणालीस ना खोटा आहे म्हणून! दोनदा म्हणालीस!" ओडील पळतच राहिली.

फर्डी खुर्चीवरून खाली पडला होता. रेडिओवर मॅच चालूच. पंखा मजेत फिरत होता. त्याचे ओठ जांभळे, तोंडाला फेस, पण डोळे उघडे होते आणि त्याने तिला ओळखलं. "तू म्हणालीस..." एवढं बोलला. पुढचं खोकल्यात गेलं. तो तिला बोल लावत नव्हता, नुसतं सांगत होता, की बघ, मी तुझं ऐकलं. त्याने बोल लावला असता तर तिला परवडलं असतं.

अंगणात माती वाहायची एकचाकी गाडी होती. तिने ती उपडी करून झटकली, त्याला उचलून तिच्यात घातलं, मांडीवर ऑक्सिजनची टाकी ठेवली, तोंडावर ओला रुमाल टाकला आणि गाडी लोटत निघाली. क्रॉसिंगकडे नाही. मालगाडीखालून त्याला ओढणं शक्य नव्हतं. उलट्या दिशेने, लेनच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुलूप होतं.

तिने दोन्ही हातांनी जाळी धरली आणि हलवली. साखळी खणखणली. पलीकडे कारखान्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून, देवाची कृपा म्हणा, काल्डरची एक रुग्णवाहिका हायवेवरून आत वळून येत होती. ओडीलने जाळीवर असे हात आपटले की रक्त निघालं. गाडी थांबली. तोंडाला मुखवटे लावलेली दोन माणसं उतरली, एक लाल केसांची बाई आणि एक उंच पोरगेला माणूस. त्याच्या हातात साखळी तोडायची मोठी कात्री होती. ओडीलला वाटलं, झालं. सुटलो.

"उघडा! तोडा ती साखळी, तोडा! माझा नवरा आहे!" तिचा आवाज फाटून खरखरत होता.

माणूस पुढे आला आणि थबकला. त्याने तिच्या राखाडी तोंडाकडे पाहिलं, कपाळावरून ओघळलेल्या लाल साखरपाकाकडे पाहिलं. मग जाळीला धरलेल्या तिच्या मनगटाकडे. काळी पट्टी, वर शिक्का.

"ए, ही सरावातली आहे," तो म्हणाला.

"अजून नाटक चालूच?" बाई वैतागून म्हणाली. "यांना कळवलं नाही का कोणी?"

"नाटक नाही! हे बघा, हा बघा, श्वास घेतोय अजून!" ओडीलने बाहीने कपाळ पुसलं. साखरपाक गालभर पसरला. तिने पट्टी ओढून काढली, फेकली. त्यामुळे तिचं सोंग जास्तच वठलं. फर्डी एकचाकीत घरघरत होता.

"म्हातारा भारी करतोय," माणूस म्हणाला. "नळीबिळी, टाकी, सामानसुद्धा आणलंय बघ."

त्याच्या कमरेचा रेडिओ खरखरला. आवाज चीफचा होता, धापा टाकणारा. "काल्डरच्या सगळ्या गाड्यांना. पुन्हा सांगतो, सराव रद्द. खरा वायू आहे. रंगवलेले लोक अजून इकडेतिकडे पडून ओरडतायत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. शब्द विचारा. शब्द नसेल तर पुढे चला. मैदानात माझी माणसं मरतायत."

"ऐकलंत?" बाई जाळीजवळ येऊन म्हणाली. वाईट नव्हती ती, घाईत होती. "शब्द सांगा. एक शब्द. सांगितलात की याच क्षणी साखळी तोडतो."

"मला नाही सांगितला हो! मी मेलेली होते!"

"सगळ्यांना सांगितलाय."

"विचारा चीफला, ओडील म्हणावं, ओडील गिड्री..."

माणसाने रेडिओ तोंडाशी नेला, बटण दाबलं. पलीकडून नुसता गोंगाट आला, दहा जण एकदम बोलत होते. "कोणी घेत नाहीये," तो म्हणाला. "चल, तिकडे खरे आहेत."

"थांबा! सांगते! क्लोरीन!" ओडील म्हणाली. "मदत! जांबालाया! लवर्न! भोंगा!" जे तोंडाला येईल ते ती ओरडत सुटली. सेंट मेरीचं नाव घेतलं, कारखान्याचं घेतलं, फर्डीचं घेतलं. जाळी दोन्ही मुठींत होती, कपाळ जाळीला टेकलं होतं, आणि जगातले सगळे शब्द तिला आठवत होते. हातात गच्च धरलेल्या वस्तूचं नाव कोण घेतं? त्यातून ते नाव न घ्यायची सवय तिने किती हौसेने जिभेला लावली होती.

बाईने मान हलवली. दोघं वळली. गाडीकडे जाताना माणूस हसला, थकलेलं, चिडलेलं हसू.

"हद्द आहे. चीफ म्हणाला होता, यंदा असा शब्द ठेवलाय की गावातलं शेंबडं पोरही विसरणार नाही. फाटक! आणि ही बया फाटकालाच लोंबकळून उभी आहे."

ओडीलला ऐकू आलं. भोजनगृहातलं ते हसणं, ती टेबलं बडवणं, मार्लीनचं ते 'तुला!', सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. यंदाचा शब्द तिचा होता. तिची टिंगल म्हणून ठेवलेला.

"फाटक," ती म्हणाली.

आवाज आला नाही. घशातून नुसती गरम हवा आली. इतकी वर्षं भरल्या सभेत खणखणीत निघणारा शब्द. तिने पुन्हा जोर केला, छाती फुटेस्तोवर केला. "फाटक! फाटक!" तिचं तिलासुद्धा ऐकू गेलं नाही. रुग्णवाहिकेची दारं लागली, इंजिन सुरू झालं. ती जाळी हलवत राहिली आणि गाडी मैदानाच्या बाजूला वळून गेली.

मागे एकचाकी गाडीतली घरघर थांबली होती. ओडील खाली बसली, फर्डीच्या तोंडावरचा रुमाल बाजूला केला आणि त्याच्या कानाशी ओठ नेऊन तो शब्द म्हणत राहिली. सौदा सराव संपेपर्यंतचा होता. सराव तर संपला होता.